डिझेल डिझायर, मुक्काम कराड: तेरा वर्षांचा हिशेब

गाडी २०१२च्या दिवाळीत घेतलेली, दुसऱ्या पिढीची स्विफ्ट डिझायर, डिझेल, मधलं व्हेरिएंट. मालक माझे काका. तेव्हा ते एका बियाणे कंपनीचे विक्री प्रतिनिधी होते आणि सातारा, सांगली, कोल्हापूर असे तीन जिल्हे त्यांच्याकडे होते. आता ते निवृत्त आहेत. गाडी दीड लाख किलोमीटरच्या आसपास आली आहे आणि नोव्हेंबर २०२७ला आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, पंधरा वर्षं भरतात. पुण्यात राहणारी त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, म्हणते की मुदत संपायची वाट कशाला बघायची, आत्ताच विका. काकांचं उत्तर ठरलेलं: "गाडीला झालंय काय?" काकूंचं म्हणणं या दोघांहून निराळं आहे, ते पुढे येईलच.

मला या प्रकरणात ओढलं ते काकांच्या वह्यांमुळे. पंपावर टाकी फुल केली की तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये हे चार आकडे त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेत. कंपनीला प्रवासखर्चाची बिलं द्यायची म्हणून लागलेली सवय, निवृत्तीनंतरही सुटली नाही. मागच्या पानांवर दुरुस्त्या आहेत, त्याही तारखेनिशी. "लि. रॉड बदलला, आवाज तसाच" अशा शेऱ्यासकट. जुन्या गाडीबद्दल बहुतेकांची मतं आठवणींवर चालतात. इथे कागद होता.

शेपूट कापलेली सेदान

आधी या गाडीच्या आकाराबद्दल थोडं, कारण काकांची पहिली तक्रार तीच होती. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. २००८ला टाटांनी इंडिगो सीएस आणून सेदान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडीही या चौकटीत बसवता येते हे दाखवलं. त्याच वर्षी आलेली पहिली डिझायर मात्र ४१६० मिलिमीटरची होती. २०१२च्या फेब्रुवारीत दुसरी पिढी आली ती ३९९५ची. कात्री चालली ती मागच्या बाजूला: डिकी ४४० लिटरवरून ३१६वर आली. पुढे अमेझ, एक्सेंट, झेस्ट, अस्पायर, अमिओ या सगळ्या याच मापाच्या निघाल्या. बाजूने पाहिलं तर प्रत्येकीची डिकी शिंप्याला कापड कमी पडल्यासारखी दिसते, पण करातला फरक ग्राहकाच्या खिशात जात होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

काकांना डिकी हवी होती ती बियाण्यांच्या सॅम्पल पिशव्या, पीक प्रात्यक्षिकाचे बोर्ड आणि माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यांसाठी. स्विफ्टची डिकी २०४ लिटरची, म्हणजे ती बाद. डिझायरची ३१६ची त्यांनी शोरूममध्ये टेप लावून मोजली आणि बोर्ड तिरका बसतो हे पाहून होकार दिला. दुसरं कारण ते उघड बोलत नसत, पण कृषी सेवा केंद्राच्या दारात डिकीवाली गाडी थांबली की दुकानदार खुर्ची पुढे करतो, हा अनुभव फिरतीवरच्या प्रत्येकाला आहे.

बुकिंग केलं आणि वाट पाहणं सुरू झालं. डिझेल डिझायरला तेव्हा मुळातच महिन्यांची प्रतीक्षा होती, त्यात जुलै २०१२मध्ये मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि महिनाभर टाळेबंदी राहिली. गाडी मिळाली ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी.

डिझेल घेतलं ते बरोबर होतं का

२०१२चं वातावरण आठवा. पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटलेले, डिझेल अजून अनुदानावर. मे अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१च्या आत. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्या वर्षी डिझेल गाडी न घेणारा माणूस हौशी समजला जायचा. अडचण एवढीच की तेच व्हेरिएंट डिझेलमध्ये घ्यायचं तर लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागत.

कंपनीचा दावा डिझेलला लिटरमागे २३.४ किलोमीटर, पेट्रोलला १९.१ असा होता. काकांच्या वहीत हायवेचा आकडा १९ ते २१च्या दरम्यान फिरतो, म्हणून मी २० धरला. पेट्रोल डिझायर चालवणारे हायवेला १५-१६ सांगतात, मी १५ धरले. यात डिझेलला झुकतं माप जातं हे मान्य, पण काकांशी वाद घालायचा तर आकडे त्यांच्याच बाजूचे असलेले बरे.

२०१२च्या भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला चार रुपये ८७ पैसे, डिझेलचा दोन रुपये पाच पैसे. म्हणजे वाचले दोन रुपये ऐंशी पैसे. या गतीने वरचा लाख ३६ हजार किलोमीटरच्या आत फिटतो, आणि काकांचं रनिंग वर्षाला वीस-बावीस हजारांचं होतं. अर्थात भाव तसे राहिले नाहीत. सप्टेंबर २०१२ला डिझेल एकदम पाच रुपयांनी वाढलं, जानेवारी २०१३पासून महिन्याला थोडंथोडं वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ला ते पूर्ण नियंत्रणमुक्त झालं. २०१६च्या सुरुवातीला कच्चं तेल ३० डॉलरच्याही खाली गेलं तेव्हा किलोमीटरमागची बचत दोन रुपयांच्या आत आली होती. तरीही नोकरीच्या काळातल्या सव्वा-दीड लाखाच्या मधल्या रनिंगवर इंधनाचे अडीच-पावणेतीन लाख वाचले. त्यातून वरचा लाख वजा, कर्जातला त्याचा व्याजाचा वाटा वजा, डिझेलची महाग सर्व्हिस वजा. हाती लाखभर राहिले. 'डिझेलने घर बांधून दिलं' असं काका लग्नकार्यात सांगतात तेवढं नाही, पण निर्णय बरोबर होता.

गंमत पुढच्या भागात आहे. ताईचा मुद्दा असा की आता पेट्रोल आणि डिझेलच्या भावात फरकच राहिला नाही, मग डिझेल गाडी ठेवायची कशाला? हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते खरंच असावं असं वाटायचं. पण मांडून पाहा. २०२४च्या मध्यानंतर मुंबईत पेट्रोल १०३-१०४च्या आसपास, डिझेल ९०च्या आसपास. हायवेला पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सहा रुपये नव्वद पैसे, डिझेलचा साडेचार. बचत दोन रुपये चाळीस पैसे! ३२ रुपयांचा फरक १३-१४वर आला तरी बचत जवळपास तिथेच आहे, कारण दोन्ही भाव वर गेले की कमी इंधन पिणाऱ्या इंजिनाचा फायदा आपोआप मोठा होतो. भावाने डिझेलचं गणित बिघडवलंच नाही.

ते बिघडलं रनिंगने. २०१९ला काका निवृत्त झाले आणि वर्षाचे वीस हजार किलोमीटर तीन हजारांवर आले. गावात डिझेलची सरासरी १४-१५वर उतरते, पण पेट्रोलची त्याहून खाली जाते, त्यामुळे किलोमीटरमागे तीन रुपये अजूनही वाचतात. तीन हजार गुणिले तीन म्हणजे वर्षाला नऊ हजार. एक दुरुस्ती निघाली की संपले.

कामावर असलेली गाडी, घरी बसलेली गाडी

वहीची मागची पानं दोन काळांत सरळ विभागली जातात.

पहिल्या काळात दुरुस्त्या अशा: टायर, ब्रेक पॅड, पुढच्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, लाखाच्या जवळ क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. सगळी झिजेची कामं. इंजिनाला हात लावावा लागलाच नाही. हे १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं मल्टिजेट, इथे स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगापासून इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनियापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलं. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायची धास्ती नाही. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी कराडसारख्या गावात याचा सुटा भाग संध्याकाळपर्यंत हातात पडतो, आणि ते उघडता येणारा मिस्त्री प्रत्येक चौकात आहे. स्वस्त गाडी दहा वर्षांनंतरही स्वस्त राहते की नाही, हे शोरूममधल्या किमतीपेक्षा यावर जास्त ठरतं असं माझं मत आहे.

दोषही सांगायला हवेत. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा होत नाही. दत्त चौकातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळते, पहिला टाकला तर उसळते. खंबाटकी घाटात मात्र एकदा टर्बो पकडला की ट्रकची रांग ओलांडायला दम लागत नाही. मागे तिघं बसले आणि डिकी भरली की गावातले गतिरोधक खालून खरवडतात. घरचे उतरतात, गाडी पुढे जाते, घरचे पुन्हा बसतात, हा कार्यक्रम लग्नसराईत नेहमीचा.

दुसरा काळ सुरू होतो तो २०२०च्या टाळेबंदीत. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. बॅटरी मेली हे अपेक्षितच होतं. पण बॉनेट उघडलं तर इंजिनावरच्या फेल्टच्या अस्तरात उंदरांनी घर केलेलं, आणि वायरिंगचा एक जुडगा कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पाडलेली. बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिशियनने दोन दिवस बसून एकेक तार जोडली आणि वरून काळी जाळीदार नळी चढवली. तेव्हापासून काकू बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी ठेवतात. त्याने उंदीर जातात का, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

त्यानंतर दोन वर्षांनी गाडी धूर सोडू लागली, पिकअप गेला. मिस्त्रीने ईजीआर व्हॉल्व्ह काढून फरशीवर ठेवला. एक्झॉस्टमधला थोडा वायू परत इंजिनात फिरवणारा हा भाग. त्याची बोटभर रुंद वाट डांबरासारख्या चिकट काजळीने इतकी बुजली होती की पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून ढलप्या काढत होता आणि काका बघत होते.

"कुठं कुठं जाता गाडी घेऊन?"

"मंडई, दवाखाना, बँक."

"तेच की. इंजिन तापायच्या आत बंद करताय. काका, हिला घरात बसून दमा झालाय. पंधरा दिवसातनं एकदा हायवेला घाला, तीन हजारावर चालवा अर्धा तास."

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरतं गरम होतच नाही. ज्वलन अर्धवट, काजळी जास्त, तिच्यात तेलाची वाफ मिसळते आणि थर बसत जातो. त्या वर्षी ईजीआर, दोन इंजेक्टरचं काम आणि एक फाटलेला टर्बो होज मिळून पस्तीस हजारांच्या घरात गेले. म्हणजे जवळजवळ चार वर्षांची इंधनातली बचत. बॅटरी यात धरली नाही, ती पेट्रोल गाडीचीही गेलीच असती. आणि ही जुनी गाडी आहे म्हणून एवढ्यावर भागलं. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण मानकांच्या, डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. मंडई-दवाखाना एवढंच रनिंग असणाऱ्याने नवी डिझेल घेऊच नये, असं मी कुणालाही सांगेन.

काकांनी मिस्त्रीचं ऐकलं. आता दर पंधरवड्याच्या रविवारी सकाळी गाडी हायवेला जाते. उत्तरेला तासवडेचा टोल आहे म्हणून दक्षिणेला, पेठ नाक्याच्या दिशेने. परत आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवतात, टर्बो थंड व्हावा म्हणून. धूर गेला. वहीत त्या रविवारांपुढे 'व्यायाम' असं लिहिलेलं आहे.

विकायची की ठेवायची

दोन दलालांनी गाडी बघून पावणेदोन ते सव्वादोन लाख सांगितले. एकच मालक, सगळ्या नोंदी आणि इकडच्या पासिंगची गाडी म्हणून भाव बरा. दिल्लीकडे डिझेल गाड्यांवरच्या दहा वर्षांच्या बंधनामुळे तिथल्या गाड्या तेव्हा स्वस्तात इकडे येत होत्या, त्यामुळे त्याहून वर कुणी जाईना.

ठेवायची तर वर्षाचा खर्च असा. थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीच्या गटात ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा तर वर थोडे, पण इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता मिळणारी भरपाई, सहसा मिळत नाही. सर्व्हिस, इंधन, आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे पंधरा हजार. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून एचएसआरपीची, म्हणजे उच्च सुरक्षेची, नंबरप्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी, ती बसवून झाली. २०२७ला आरसीचं नूतनीकरण करायचं तर गाडी तपासणीला न्यायची, पाच हजार शुल्क भरायचं आणि वर पर्यावरण कर. मग पाच वर्षांची मुदत मिळते.

याच्यासमोर नवी गाडी. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि डिझायरची सुरुवात एक्स-शोरूम सव्वासहा लाखांच्या आसपास आली. चार मीटरची ती जुनी रेघ इथेही तशीच आहे. मधलं व्हेरिएंट रस्त्यावर आणेपर्यंत आठ-नऊ लाख. वर्षाला तीन हजार किलोमीटरसाठी! नव्या गाडीची पहिल्या वर्षात उतरणारी किंमत या जुन्या गाडीच्या दोन वर्षांच्या सगळ्या खर्चाला पुरून उरेल. नुसत्या पैशांकडे पाहिलं तर काका जिंकतात.

पण ताईचा खरा मुद्दा भावाचा नव्हताच. तिची दोन मुलं आजोबांबरोबर याच गाडीतून पुण्याला येतात. या व्हेरिएंटला एअरबॅग नाहीत. २०१२ला त्या वरच्या व्हेरिएंटलाच मिळत. चालकाची एअरबॅग देशात सक्तीची झाली जुलै २०१९मध्ये, शेजारच्या सीटची त्यानंतर दोन वर्षांनी. २०२४च्या नव्या डिझायरला सहा एअरबॅग सर्व व्हेरिएंटमध्ये आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. गावात तीसच्या वेगाने फिरताना याने फार फरक पडत नाही. सातारा-पुणे रस्त्यावर, वळवलेल्या लेन आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर यांच्यातून ऐंशीने जाताना पडतो. "बाबा, तुम्ही गाडी चांगली चालवता हे मला माहीत आहे, समोरचा कशी चालवतो ते सांगा," असं ती म्हणाली तेव्हा काका गप्प बसले. त्यांच्या वहीत या प्रश्नाला रकाना नाही.

काकूंना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला मेलीला उंच गाडी हवी. हिच्यात बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, आणि उठताना तुझे काका हात द्यायला येईपर्यंत मागचे हॉर्न वाजवतात." गुडघ्यांचं दुखणं पाच वर्षांचं आहे. आणि दवाखान्याच्या फेऱ्या, ज्या आता गाडीच्या रनिंगचा निम्मा भाग आहेत, त्या काकूंच्याच आहेत. म्हणजे गाडी जिच्यासाठी चालते तिलाच तिच्यात बसवत नाही. सेदानची बैठक खाली असते हे काय नवीन नाही, पण पन्नाशीत गाडी घेताना पासष्टीचे गुडघे कोण मोजतं?

शेवटी ठरलं ते असं. गाडी मे २०२७पर्यंत ठेवायची, कराड आणि आसपासच्या कामांसाठी. नूतनीकरण करायचं नाही. मुदत संपायच्या सहा महिने आधीच विकायची, म्हणजे घेणाऱ्याच्या हाती चालू आरसी पडेल. नातवंडं तिच्यातून हायवेला जाणार नाहीत, ताईने आपली गाडी घेऊन यायचं किंवा काका-काकूंनी रेल्वेने जायचं. पुढची गाडी पेट्रोल, उंच बैठकीची, आणि ती काकूंनी आधी बसून-उठून पाहायची. डिकीचं माप नंतर. मधल्या काळात एकाच दुरुस्तीचा अंदाज ठरावीक रकमेच्या वर गेला तर दुरुस्त न करता तशीच विकायची.

त्या रकमेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी तीस हजार म्हटलं, गाडीच्या किमतीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. काका साठ म्हणाले, कारण टर्बो गेला तर तेवढा येईल आणि टर्बोसाठी गाडी विकणं त्यांना पटेना. ताईने फोनवरून वीस सांगितले. चाळीसवर तुटलं. काकांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून खाली कंस केला: 'टायर व बॅटरी धरून नाही'.